थिल्लर म्हणजे नेमकं काय? आणि हा शब्द आला कुठून?

खाडीकाठचा
मंडळी, आमच्या वाडीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर शिमग्याची आखणी चालली होती. पालखी कुठल्या घरी कधी, नमनवाल्यांना बिदागी किती, नेहमीचंच. मध्येच एका चाकरमानी पोराने, गावासाठी देवापुढे घालतात तसं, ‘बा देवा म्हाराजा’ अशी सुरुवात करून गाऱ्हाणं टाकलं. ज्यांनी वर्गणी बुडवली त्यांच्या फोनची रेंज जाऊ दे, जे पालखीला खांदा न देता नुसते फोटो काढतात त्यांच्या पायात गोळे येऊ देत, असं बरंच काही. खाली ‘व्हय म्हाराजा’ची रांग लागली. त्यावर आमच्या आप्पांनी दोनच शब्द लिहिले, ‘थिल्लरपणा पुरे.’

पोरगा हुशार. त्याने विचारलं, ‘आप्पा, देवाचा अपमान झाला, की तुमचा, की विनोद फसला?’ आप्पा गप्प.

प्रश्न मला रास्त वाटला. अपमानच झाला असता तर आपल्याकडे उद्धट, उर्मट, आगाऊ हे शब्द होते. अति झालं म्हणायचं तर फाजील आणि वाह्यात होते. नुसता पोरकटपणा असता तर आचरट होतं. आप्पांनी हे सगळे सोडून थिल्लर का निवडलं? ज्ञानेश्वरीत थिल्लर म्हणजे डबकं, साचलेलं थोडं पाणी. माणसाचा त्यात संबंधच नाही. डबक्यापासून शिमग्याच्या ग्रुपपर्यंत हा शब्द कसा पोचला यावर जाणकारांनी लिहावं. बाकीच्यांनीही लिहावं, पण आप्पांची बाजू घ्यायची की पोराची हा धाग्याचा विषय नाही.

माडाखाली
आमच्याकडे मालवणात थिल्लर कोण म्हणणा नाय. आये सरळ ‘चाळे बंद कर’ म्हणा, नायतर ‘शिरा पडो तुझ्या तोंडार’. थिल्लर हो पुस्तकातलो शब्द. आप्पा मास्तर होते काय?

खाडीकाठचा
होते. हायस्कूलला मराठी शिकवायचे.

माडाखाली
मगे झाला.

कोशकीटक
धागाकर्त्यांनी डबक्याचं बोट धरलंय ते बरोबर आहे. जुन्या मराठीत थिल्लर म्हणजे उथळ पाण्याची जागाच. संतांच्या लिखाणात सूर्याचं बिंब समुद्रात पडतं तसं थिल्लरातही पडतं, या धाटणीचा दृष्टान्त नेहमीचा. तिथे शब्दाला शिवीचा वास नाही. फार तर लहानपणा आहे.

प्राकृतात याच अर्थाचा छिल्लर आहे आणि हिंदीत छीलर, म्हणजे पुन्हा उथळ डबकं. हे शब्द संस्कृतातून उतरलेले दिसत नाहीत, जुने वैयाकरण ज्यांना देशी म्हणत त्या गटातले आहेत. त्यामुळे छ आणि थ यांच्यात नियमाने होणारं रूपांतर दाखवा असं कोणी म्हटलं तर ते दाखवता येणार नाही. देशी शब्दांत अशी भावंडं नियमाशिवायही सापडतात.

आता माणसाला लागू होणारा अर्थ. त्यासाठी विरुद्धार्थी शब्द बघा. थिल्लरच्या उलट कोण? गंभीर. आणि संस्कृतात गंभीर म्हणजे मुळात खोल. गंभीर डोह, गंभीर नदी. ‘कार्यक्रमाचं गांभीर्य राखा’ असं निवेदक म्हणतो तेव्हा तो शब्दशः खोली राखायला सांगत असतो. ज्या भाषेत मान देण्यासारखं वागणं खोल पाण्यावरून मोजलं जातं, तिथे त्याच्या उलट वागणं डबक्यावर जाणार यात नवल नाही. उथळ हा दुसरा शब्द तिथलाच, पाणचट विनोद तिसरा. मराठीत वाईट विनोदाला पाणी लागतंच.

चाकरमानी नं. १
थिल्लर आणि चिल्लर एकच ना? चिल्लर माणूस, थिल्लर माणूस. दोन्ही किरकोळ.

कोशकीटक
यमक जुळलं म्हणून नातं जुळत नाही. सुट्या पैशांचा चिल्लर दक्षिणेकडून आला. कानडी-तेलुगूत चिल्लर आहे, तमिळमध्ये सिल्लऱै, अर्थ सुटे, किरकोळ. ‘चिल्लर माणूस’ म्हटलं की त्याची किंमत कमी केली. ‘थिल्लर माणूस’ म्हटलं की त्याची खोली कमी केली. आज बोलताना दोन्ही एकमेकांवर सावली टाकतात हे खरं, आणि एकमेकांमुळे दोघेही जरा जास्त झोंबतात.

अवांतर: छचोर मात्र जवळचा वाटतो. हिंदीत छिछोरा आणि छिछला, म्हणजे उथळ, शेजारी शेजारी बसलेत. मराठीने छिछोराचा छचोर केला आणि तो बहुतेक वेळा बायकांच्या माथी मारला.

तिरफळ
शेवटचं वाक्य अवांतर म्हणून टाकलंत, पण मला तोच मुद्दा वाटतो. थिल्लर कोण कोणाला म्हणतं ते बघा. आप्पा पोराला म्हणतात. सासू सुनेला म्हणते. मास्तर मागच्या बाकाला म्हणतात. पोराने आप्पांना ‘थिल्लरपणा पुरे’ म्हटलेलं कोणी ऐकलंय? आमच्या घरी पडवीत पुरुष बसून गावातल्या प्रत्येकाची नक्कल करायचे, अर्ध्या रात्रीपर्यंत. त्याला गजाली म्हणत. आतल्या खोलीत आम्ही मुली जरा मोठ्याने हसलो की ‘काय थिल्लरपणा चाललाय’. पाणी तेच, नुसती खोली मोजणारा वेगळा.

खाडीकाठचा
तिरफळताई, पटलं. पण मग शब्दाला स्वतःचा अर्थच नाही असं म्हणायचं का? फक्त वरून खाली फेकायची वस्तू?

तिरफळ
अर्थ आहे हो. पण अर्थ ठरवायचा मान आप्पांकडे आहे.

सहाणेवरचा
मी गुहागरकडचा. या चर्चेत शिमगा नुसता निमित्ताला आलाय, त्याला मध्यभागी आणू या.

होळीच्या आसपास आमच्याकडे फाका घालतात. ज्यांनी ऐकल्या नाहीत त्यांना लिहून दाखवण्यासारख्या नाहीत. घरंदाज माणसं, एरवी शिवी तोंडात नाही, ती होमाभोवती उभी राहून वाट्टेल ते ओरडतात. देव तिथेच असतो, पालखीत. कोणी थिल्लर म्हणत नाही. आमचा संकासूर बघा. काळा पेहराव, पांढरी दाढी, कमरेला घुंगरं, हातात काठी. तो कोणाच्याही अंगणात शिरतो, कोणाच्याही पोराला पळवतो, मानकऱ्याच्या पाठीतही काठी हलकेच लागते. मानकरी हसतो आणि खिशात हात घालतो. इतकी बेअदबी वर्षात दुसरी होत नसेल, आणि तरी तिला थिल्लर म्हणणारा माणूस गावात वेडा ठरेल.

म्हणजे माझ्या मते बेअदबी आणि थिल्लरपणा या वेगळ्या गोष्टी आहेत. संकासुराला ठरलेले दिवस आहेत, ठरलेला वेष आहे, ठरलेली चाल आहे. कोणापुढे किती नाचायचं हे त्याला बापजाद्यांनी शिकवलंय. याउलट पालखी सहाणेवर, म्हणजे तिच्या ठरलेल्या ओट्यावर, बसलेली असताना तिच्याकडे पाठ करून, केस सारखे करत रील बनवणारा. तो कोणाचाही अपमान करत नाही. कोणाला शिवी देत नाही, देवालाही नाही. पण गावातल्या दहातल्या नऊ जणांच्या तोंडी तिथे थिल्लर येईल. कारण तो जिथे उभा आहे त्या जागेचं त्याला काही नाही.

माडाखाली
ह्या बरोबर बोललात. आमच्याकडे रोंबाट, शिमग्याची मिरवणूक, निघता तेव्हा पण तसाच.

पेटारा
सहाणेवरच्यांच्या संकासुराला आमच्या संकासुराचा रामराम. सिंधुदुर्गातल्या दशावताराकडेही बघा. नाटक सुरू होण्याआधी आड दशावतार असतो. गणपती येतो, ऋद्धी-सिद्धी येतात, भटजी पूजा सांगतो, सरस्वती येते आणि मग संकासूर. पुराणातला हा दैत्य वेद चोरणारा, विष्णूने मत्स्य होऊन ज्याला मारला तो. रंगमंचावर आल्यावर तो मालवणीत बोलतो, भटजीची फिरकी घेतो, सूत्रधाराला उलटी उत्तरं देतो, नाचतो आणि शेवटी विष्णूच्या हातून मरतो. सोंगांचं सामान असलेल्या ज्या पेटाऱ्याची पूजा करून खेळ उभा राहतो, त्याच पेटाऱ्यातून वेदांची टिंगल करणाऱ्याचं सोंगही निघतं.

दशावतारात लिहिलेली संहिता नसते. राजा असो की राक्षस, नट आपलं बोलणं तिथल्या तिथे रचतो. म्हणून थिल्लर कुठे सुरू होतं हे कंपनीतल्या जुन्या माणसांना बरोबर कळतं. संकासुराने गावच्या सरपंचावर कोटी केली तर टाळ्या पडतात. पण मुख्य नाटकात, नारद देवाशी बोलतोय आणि मागचा एखादा राक्षस प्रेक्षकांतल्या ओळखीच्याला हात करतोय, तर त्याला मेकअप उतरवायच्या आधी ऐकून घ्यावं लागतं. विनोद वाईट होता असं त्याला कोणी म्हणत नाही. ‘तुझी येळ नाय होती’ म्हणतात.

वेळ वाचवायला हल्ली आड दशावतार पुष्कळदा छाटून टाकतात. टिंगलीची हक्काची वेळ काढून घेतली की ती मुख्य नाटकात झिरपते. झिरपलेली टिंगल मला तरी थिल्लर वाटते.

चाकरमानी नं. १
धागा जड होतोय. थोडं हलकं करतो. आमच्या बॉसला गंभीर म्हणतात पण तो खोल नाही, नुसता बुडालेला आहे. ह. घ्या.

तिरफळ
‘ह. घ्या.’वर मला बोलायचंच होतं. संस्थळांवर एखाद्याला टोचून झालं की खाली हलकेच घ्या लिहायचं. टोचणाऱ्याने आपला हात झटकला, आणि आता ज्याला टोचलं त्यानेच मनाचा मोठेपणा दाखवायचा. समोरच्याने नाहीच घेतलं हलकं तर दोष त्याचा.

कोशकीटक
हलकं हा शब्द आलाय तर मराठीतलं दुसरं माप काढतो. पहिलं खोलीचं होतं, हे वजनाचं. गुरु म्हणजे जड, लघु म्हणजे हलका. गुरूपासून गौरव. म्हणजे गौरव करणं हे मुळात वजन देणं आहे. लघुकाचा प्राकृतात लहुअ झाला, अक्षरांची अदलाबदल होऊन हलुअ, आणि तिथून आपला हलका. त्याला मराठीने एक ट जोडला आणि हलकट तयार केला. गुरूला हलकं धरणारा तो हलकट, असं नाट्यमय काही मी म्हणत नाही. पण मान जड आणि अवमान हलका ही भाषेची धारणा दोन्हीकडे दिसते.

गंमत पुढे आहे. गौरवाच्या थेट उलट शब्द लाघव. संस्कृतात लाघव म्हणजे हलकेपणा, चपळाई, हस्तलाघव. आणि मराठीत लाघवी म्हणजे? गोड बोलणारी, जीव लावणारी. एकाच हलकेपणातून लाघवी निघाली आणि हलकटही निघाला. वजनाच्या मापात हलकं असणं चांगलंही ठरू शकतं. खोलीच्या मापात उथळ असण्याला चांगला शब्द मिळालेला नाही. म्हणून माझ्या कानाला थिल्लर हा हलकटपेक्षा सौम्य असूनही जास्त निर्णायक वाटतो. हलकट माणूस उद्या सुधारेल. डबकं काय करणार?

माडाखाली
डबक्यात पावसात पाणी येता हो. जरा वायच थांबा. आमच्या व्हाळाक मे महिन्यात घोट्याइतक्या पाणी, पोरा बेडूक पकडतत. जुलैत थयसरच माणूस व्हावान जाता. आणि कोंड, खोल डोह, असता ती बारा महिने काळी, तिका आवाज नाय. उथळ पाण्याला खळखळाट फार म्हणतत तां बरोबर, पण खळखळणारो व्हाळच कोंडीक जावन मिळता. आप्पांका सांगा, पोरगो अजून मे महिन्यात आसा.

सहाणेवरचा
काकानू, हे आप्पांना तसंच्या तसं पाठवा म्हणतो मी.

शास्त्री नव्हे बुवा
आता मस्करीबद्दल कोणी बोलेल का? ती तर थेट पाणिनीची आहे. ‘मस्करमस्करिणौ वेणुपरिव्राजकयोः’, सहाव्या अध्यायातलं सूत्र. मस्कर म्हणजे वेळू, मस्करी म्हणजे वेळूचा दंड धरून हिंडणारा परिव्राजक. पतंजली तर म्हणतो, दंड धरतो म्हणून नव्हे, ‘मा कृत कर्माणि’, कर्मं करू नका, असं सांगत फिरतो म्हणून तो मस्करी. वैदिक कर्मांना नको म्हणणारा भटका, म्हणजे चेष्टेचा विषय. तिथून मस्करी.

कोशकीटक
सूत्र खरं, पतंजलीचं म्हणणंही खरं. आजीविक या जुन्या परिव्राजक पंथाचा मक्खली गोशाल, ज्याचं नाव संस्कृतात मस्करी होतं, तो आठवणंही साहजिक. पण आपली मस्करी तिथून आलेली नाही. ती अरबी-फारसीतली मस्खरा, मस्खरी, म्हणजे विदूषक आणि विदूषकी. हिंदीत मसखरा अजून तसाच आहे. मधल्या हजार-दीड हजार वर्षांत परिव्राजक मस्करी थट्टेच्या अर्थाने वापरल्याचं दाखवायला हवं, ते कोणी दाखवत नाही. सारखा आवाज हा पुरावा नसतो, चिल्लरला लावलेला नियम पाणिनीलाही लागू.

हवंच असेल तर संस्कृतातून आलेला खरा नमुना घ्या, चेष्टा. गीतेत ‘युक्तचेष्टस्य कर्मसु’ म्हणजे कर्मांत ज्याची हालचाल नेटकी आहे तो. बंगालीत आजही चेष्टा म्हणजे प्रयत्न. मराठीत ती आधी अंगविक्षेप झाली, मग थट्टा, मग मस्करीची कुस्करी होते तसं प्रकरण. ‘मी पुष्कळ चेष्टा केली’ हे वाक्य कोलकात्यात म्हटलं तर मेहनती ठराल, मालवणात म्हटलं तर मार खाल.

पायवाट
मी शिवथरघळीकडची, महाडजवळची. समर्थांनी दासबोध तिथे सांगितला अशी आमच्याकडची श्रद्धा. थिल्लरपणाची चर्चा निघाली की कोणीतरी ‘टवाळा आवडे विनोद’ फेकतंच. इथे अजून फेकलं नाही म्हणून आश्चर्य वाटलं. पूर्ण ओवी अशी: ‘टवाळां आवडे विनोद । उन्मत्तास नाना छंद । तामसास अप्रमाद । गोड वाटे ।।’

आजूबाजूच्या ओव्या वाचा. कोणाला काय ऐकायला आवडतं याची ती लांबलचक यादी आहे. श्रवणाचा विषय चाललाय, ज्याची जशी वृत्ती तसा तो ग्रंथ शोधतो एवढंच म्हणणं. टवाळाला विनोद आवडतो, म्हणून विनोद आवडणारा प्रत्येक जण टवाळ, हे त्यातून निघत नाही. शाळेत ‘सगळे कावळे काळे’चा धडा होता तो इथे विसरायचा नसतो. आणि त्याच ग्रंथात मूर्खलक्षणं आहेत, पढतमूर्खाची वेगळी. ती वाचून ज्याला हसू येत नाही त्याने स्वतःला यादीत शोधावं. गुरूच्या जागी बसलेला माणूस इतका हसवतो आणि कोणी त्याला थिल्लर म्हणत नाही, कारण खाली तळ लागत नाही.

तिरफळ
टवाळांमध्ये आणि थिल्लरात फरक मग हाच का? टवाळाला लक्ष्य लागतं. टवाळी कोणाची तरी करायची असते. थिल्लरपणा कोणाचा नसतो, नुसताच असतो. आप्पांना राग आला तो आपली टवाळी झाली म्हणून नव्हे.

पेटारा
आणि म्हणून पोराचा प्रश्न चुकीचा नव्हता, पण पर्याय अपुरे होते. देवाचा अपमान, तुमचा अपमान, फसलेला विनोद. चौथा पर्याय त्याने दिलाच नाही: गाऱ्हाणं म्हणजे काय हे ठाऊक नसताना गाऱ्हाण्याचा आवाज काढणं.

माझे चुलते गाऱ्हाणं घालतात. खऱ्या गाऱ्हाण्यातही चिमटे असतात, गावातल्या वाकड्या माणसाला देवासमोर नाव न घेता बरोबर कोपऱ्यात घेतात, आणि ‘व्हय म्हाराजा’ म्हणताना लोकांच्या मिशीत हसू असतं. पण गाऱ्हाणं घालणारा एकाही घराला, वाटेच्या एकाही राखणदाराला विसरत नाही. आडलेलं बाळंतपण, परदेशात अडकलेला झिल, गुराला लागलेला रोग, सगळं त्यात येतं. पोराच्या गाऱ्हाण्यात फक्त वर्गणी आणि रेंज होती.

खाडीकाठचा
पेटारा, पण वर्गणी बुडवणाऱ्यांना देवासमोर उभं करणं हे गाऱ्हाण्याचं मूळ कामच नाही का? मला वाचताना तो पोरगा तुमच्या चुलत्यांच्या बराच जवळ वाटला.

पेटारा
जवळ आहे. तालीम हवी.

शास्त्री नव्हे बुवा
मस्करी गेली हातची. निदान फाजीलबद्दल सांगा, तो तरी माझ्या बाजूने असेल.

कोशकीटक
फाजील अरबी आहे. तिकडे त्याचे दोन अर्थ, उरलेलं जास्तीचं आणि विद्वान, गुणी. उर्दूत आलिम-फाजिल म्हणजे पंडित माणूस. मराठीने जास्तीचं ठेवलं आणि पंडित सोडला. त्यामुळे आपल्याकडे फाजील आत्मविश्वास असतो, फाजील लाड असतात आणि फाजील पोर असतं. शास्त्रीबुवा तुमच्या बाजूने एवढंच, की या एका शब्दापुरता जास्त शिकलेला आणि आगाऊ हे दोघे एकाच घरचे आहेत.

चाकरमानी नं. १
आणि बाष्कळ? बाष्कल तर ऋग्वेदाची शाखा होती म्हणे. म्हणजे शाकल या दुसऱ्या शाखेवाल्यांनी बाष्कलवाल्यांची उडवलेली टर?

कोशकीटक
बाष्कल नावाची शाखा होती हे खरं. टर उडवल्याची गोष्ट सुरस आहे, पण सुरस गोष्टींनी व्युत्पत्तीचं फार नुकसान केलंय. वेगळा धागा काढा, इथे आधीच गर्दी झाली आहे.

माडाखाली
काढा, काढा. मी येतंय. पण आधी कोणीतरी ‘वाह्यात’ सांगा, माझी आये माका तां रोज म्हणा.